मोजमाप सुटीचे, रक्कम तगाईची

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात खानदेशातले तीन तालुके होते: धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा, जळगावातला चाळीसगाव आणि नंदुरबार. दुष्काळाच्या शासन निर्णयात सवलतींची एक ठरीव यादी असते. पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढिलाई, पाण्याचे टँकर, पंपाची वीज न तोडणे. या सगळ्यांच्या वर, अगदी पहिल्या क्रमांकावर, 'जमीन महसुलात सूट' असते. कोरडवाहू जमिनीचा सारा आज एकरामागे काही रुपयांत भागतो. तो माफ झाला म्हणून शिंदखेड्याच्या कापूसवाल्याचे काय भले होणार, असे हसून हे कलम सोडून देता येईल. पण ते पहिल्या क्रमांकावर उगाच बसलेले नाही. आपत्तीत शेतकऱ्याला सरकारने काही द्यावे, या प्रथेचा उगमच तिथे आहे. ही प्रथा दोन मुळांतून आली, एक साऱ्यातली सूट आणि दुसरी तगाई. आजच्या मदतीने मोजण्याची रीत सुटीकडून घेतली आणि रकमेचा हिशेब तगाईकडून. दोन्हींबरोबर जी बंधने सरकारवर येत होती, ती मात्र वाटेत गळून पडली. दर अतिवृष्टीनंतर धुळे-जळगावात मदतीवरून जी कुरबुर उठते, तिचे बरेचसे स्पष्टीकरण या घडामोडीत सापडते, असे मला वाटते.

सूट म्हणजे दया नव्हे. राज्य पिकात वाटेकरी होते, म्हणून पीक बुडाले की त्याचा वाटाही बुडायचा. हिशेब इतका सरळ होता. खानदेशात त्याला आणखी एक धार होती. होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि भिल्लांचे उठाव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख पार उजाड झाला होता. १८१८ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले, तेव्हा जमीन होती, पण ती कसायला माणसे नव्हती. ओसाड गावठाणे आणि झाडीने गिळलेली शेते सारा देत नाहीत. म्हणून कौल देऊन कुळे बोलवायची, इस्ताव्याने सारा पहिल्या वर्षी नाममात्र ठेवून वर्षावर्षाने चढवायचा, बैल-बियाण्याला तगाई द्यायची, ही मराठी अमलातली जुनी साधने नव्या सरकारनेही उचलली. रयत गाव सोडून जाऊ शकत होती, हेच तिचे बळ होते. सरकार उदार झाले ते गरजेपोटी.

तगाई हा शब्द 'तकावी'चा मराठी अवतार. मूळ अरबी अर्थ बळ देणे, सावरणे. पेरणीच्या तोंडावर हात रिकामे असलेल्याला बैल, बियाणे, विहिरीचे पैसे द्यायचे आणि पीक आल्यावर वसूल करायचे. शिवाजी महाराजांनी सप्टेंबर १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात हाच व्यवहार आहे. गावोगाव जाऊन कुणब्यांना बैल आणि दाणे द्यावेत, वाढीदिढी घेऊ नये, मुद्दल तेवढे त्यांची ताकद येईल तसतसे घ्यावे, असा त्याचा आशय. (२०१७ च्या कर्जमाफीला महाराजांचे नाव दिले गेले. पत्र मात्र माफीविषयी नसून वेळेवर भांडवल देण्याविषयी आहे, हे नाव देणाऱ्यांच्या लक्षात आले होते की नाही, कोण जाणे.) तगाईचे मर्म रकमेत कमी आणि वेळेत अधिक होते. मृगाआधी हाती पडलेला बैल आणि पोळ्यानंतर मिळालेला बैल यांची किंमत बाजारात सारखी असेल, शेतात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यातले पहिले मूळ छाटले गेले. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या जमीन पाहणीने मुंबई इलाख्यात शेतवार प्रत लावून तीस वर्षांसाठी रोख सारा कायम केला. त्यामागचा युक्तिवाद असा: दर मुळातच माफक ठेवला आहे, तेव्हा बऱ्या वर्षी शेतकऱ्याने गाठीला बांधावे आणि वाईट वर्षी त्यातून भरावे. दरसालची सूट आता अपवाद. या विचारात तथ्य नव्हते असे कोणी म्हणणार नाही. जुनी सूट पाटील-कुलकर्णी आणि देशमुख-देशपांड्यांच्या हातून जायची. वजनदाराला ती भरघोस मिळे आणि गरिबाला मिळे ती बहुधा कागदावर. कोणाला किती सोडायचे हे दरवर्षी नव्याने ठरणे म्हणजे दरवर्षी नव्याने हात ओले करणे, ही पाहणी अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. १८५२ च्या अखेरीस सावदा, फैजपूर, यावल भागात मोजणीविरुद्ध हजारोंचा जमाव उठला. फौज आणून पुढाऱ्यांना पकडेपर्यंत तो निवळला नाही. त्या उठावात ज्यांची मधली सत्ता जाणार होती असे वतनदारही होते. पण वतनदारांच्या स्वार्थाने एवढी गावे उठत नाहीत. रयतेला कळत होते की दर हलका असो वा भारी, यापुढे बुडालेल्या पिकात सरकार वाटेकरी राहणार नाही. जोखमीची सारी बाजू आता एकट्या कुणब्याची झाली.

या जोखमीचा अर्थ काय, ते १८७२ च्या सप्टेंबरात दिसले. गिरणा आणि पांझरा यांना मोठा पूर आला. एकट्या धुळ्यात सुमारे पाचशे घरे वाहून गेली, दोन्ही नद्यांकाठची दीडशेवर गावे नुकसानीत आली. सरकारी नोंदीत मदतीचा उल्लेख आहे तो हजारावर लोकांना सरकारी आणि खाजगी दानधर्मातून आधार मिळाल्याचा. शब्द पाहा, दानधर्म. पुरात शेत खरवडून गेलेल्या खातेदाराचे सरकारकडे काही येणे लागते, ही कल्पनाच तोवर कागदोपत्री उरली नव्हती. उपाशी माणूस दयेला पात्र होता, बुडालेले पीक कशालाच पात्र नव्हते. याच पांझरेवर बंधारे बांधून फड पद्धतीने पाणी वाटून घेणारी गावे होती. पाणी कमी पडले तर कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, हे ती आपसांत ठरवत आणि तूट सगळ्यांत विभागत. पाटकरी आणि जागल्या यांच्या या कारभाराला जी गोष्ट कळत होती, ती कलेक्टर कचेरीला तीस वर्षांच्या करारात बसवता आली नव्हती.

दुष्काळांनी सरकारला पुन्हा विचार करायला लावले, पण अर्धाच. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर स्ट्रॅची यांच्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला, त्यातून दुष्काळ संहिता आली. तिने उपाशी माणसासाठी काम आणि कामावर मजुरी ही व्यवस्था बसवली. शेतकऱ्यासाठी आले ते तगाईचे दोन कायदे. १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' लिहून पूर्ण केला तोही १८८३ मध्येच. फुल्यांच्या मते शेतकरी बुडाला तो सारा आणि कारकून यांच्या ओझ्याखाली, आणि सरकारचे उत्तर होते आणखी एक कर्ज. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'ने आणि सार्वजनिक सभेने वेगळा सूर लावला. संहितेत साऱ्याच्या तहकुबीची आणि सुटीची तरतूद आहे, ती मागणे हा हक्क आहे, देशोधडीला लागून सारा भरू नका, असे त्यांनी गावोगाव सांगितले. सरकारला यात बंडाचा वास आला. सभेच्या प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेण्यात आली.

१८९९-१९०० चा, संवत १९५६ चा म्हणून 'छप्पन'चा दुष्काळ खानदेशालाही भोवला. त्याच्या हिशेबात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याला बैल आणि बियाणे फुकट, परत न घेण्याच्या बोलीवर, मोठ्या प्रमाणावर त्या काळी दिले गेले, पण ते सरकारी तिजोरीतून नव्हे. इंग्लंड-हिंदुस्थानातून वर्गणी गोळा करणाऱ्या दुष्काळ धर्मादाय निधीच्या चार उद्दिष्टांपैकी एक, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना पुन्हा उभे करणे, हे होते आणि त्यावर निधीचा मोठा भाग खर्च होई. सरकारने त्याच कामाला दिली ती तगाई, परतफेडीच्या बोलीवर. आजच्या अनुदानाचा फुकटपणा हा असा धर्मादायातून आलेला आहे. म्हणूनच की काय, ते देताना आजही दात्याचा आव सुटत नाही, धनादेश वाटपाला व्यासपीठ लागते.

त्यानंतरच्या मॅकडोनेल आयोगाने १९०१ साली मुंबई सरकारच्या वसुलीवर कडक ताशेरे ओढले. इलाख्यातल्या किमान चौथाई शेतकऱ्यांच्या जमिनी हातच्या गेल्या आहेत आणि कर्जातून मोकळे असलेले पंचमांशही नाहीत, असा त्याचा अंदाज होता. आयोगाने सुचवले की तहकुबी आणि तगाई लवकर, शेतकरी खचण्याआधी जाहीर व्हावी. पैशाच्या आधी मनाला धीर मिळाला पाहिजे. यातून १९०७ च्या सुमारास आणेवारीवर चालणारे तहकुबीचे नियम आले. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. चार आणे किंवा कमी आले तर पूर्ण सारा तहकूब, चार ते सहा आण्यांत असेल तर निम्मा. तहकूब सारा पुढेही परिस्थिती सुधारली नाही तर माफ. कलेक्टरची मर्जी, पाटलाचे वजन, शेतकऱ्याची गयावया यांच्या जागी एक आकडा आला. विंगेटने छाटलेले मूळ अर्ध्या शतकाने पुन्हा फुटले, आणि या वेळी त्याच्या बाजूला नियम होता.

आकडा आला म्हणजे भांडण संपले असे नाही, ते आकड्यावर आले. १९१८ चा खेडा सत्याग्रह हा मुळात आणेवारीचा तंटा होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर, शेतकरी आणि गांधीजी म्हणत खाली. खानदेशातला असाच प्रसंग १९३८ चा. पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके कुजली. अमळनेरहून त्याच वर्षी 'काँग्रेस' साप्ताहिक सुरू केलेले साने गुरुजी साऱ्यात सूट मिळावी म्हणून गावोगाव फिरले. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. फैजपूरच्या १९३६ च्या अधिवेशनात ज्या पक्षाने साऱ्याच्या ओझ्याबद्दल ठराव केले, त्याच्याच सरकारकडे त्याच्याच कार्यकर्त्याला ओल्या दुष्काळाची सूट मागावी लागली. दुष्काळ म्हटले की अवर्षण, ही कचेरीची सवय. पाऊस भरपूर पडला असताना पीक बुडाले हे तिला पटवणे तेव्हाही जड गेले. पण मागणी कसली होती ते लक्षात घ्यावे. गुरुजी सरकारकडे पैसे मागत नव्हते. सरकारने घेऊ नये, एवढेच मागत होते. सुटीचे हे स्वरूप शेतकऱ्याच्या मानाला शोभणारे होते. त्यात रांग नव्हती, अर्ज नव्हता, खात्याला आधार जोडला आहे का हा प्रश्न नव्हता.

आणि सुटीत आणखी एक गोष्ट होती, जी आज कोणाच्या स्मरणात नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याच्या तेराव्या कलमाने असे ठरवले की जमिनीचा सारा तहकूब किंवा माफ झाला, तर मालकाने कुळाचा खंडही त्या प्रमाणात तहकूब किंवा माफ केला पाहिजे. सरकारकडून मालकाला मिळालेली सवलत बांधावरून खाली, कसणाऱ्यापर्यंत उतरण्याची ही कायदेशीर वाट होती. ती कितपत पाळली गेली हा वेगळा प्रश्न, पण तत्त्व लिहिले गेले होते: नुकसान ज्याने पेरले त्याचे.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. साऱ्याची रक्कम महागाईत विरघळत गेली, त्यामुळे सुटीला किंमत उरली नाही. आणि आणेवारी मात्र टिकली. १९५७ च्या दशमान नाण्यांनंतर ती पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त ठरू लागले. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम, असे तिचे तीन हप्ते. १९६३ मध्ये तर राज्याने कायदा करून आपल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला आणि 'टंचाई' आणला. नऊ वर्षांत १९७२ उजाडले. त्या दुष्काळात शेतकऱ्याला तारले ते पैसेवारीने नव्हे, दुष्काळी कामांनी. या कामांनी १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे कामावर घेतली. मिलो आणि सुकडीच्या त्या दिवसांत पाझर तलावावर खडी फोडणाऱ्यांत सालदार होता तसा दहा एकरांचा खातेदारही होता. हजेरीपटाला सातबारा लागत नव्हता. जो येईल तो गरजू, ही त्याची कसोटी. तिच्यातही क्रौर्य आहे, कारण ती माणसाकडून आधी दगड फोडून घेते. पण ज्याचे नुकसान झाले त्याला ती चुकवत नव्हती.

आजची मदत दुष्काळी कामांच्या या वाटेने आली नाही. १९९० च्या आपत्ती निवारण निधीतून आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून ती आली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनी चालते. या निकषांतली संज्ञाच सगळे सांगते: 'कृषी निविष्ठा अनुदान'. बुडालेल्या पिकाची किंमत नव्हे, पुन्हा पेरण्यासाठी लागणाऱ्या बी-खताला हातभार. ही तगाई आहे, फक्त परत न घेतली जाणारी. २०१५ मध्ये कोरडवाहूला हेक्टरी ६,८००, बागायतीला १३,५०० आणि बहुवार्षिक पिकांना १८,००० रुपये असे दर ठरले. २०२२ नंतर ते ८,५००, १७,००० आणि २२,५०० झाले. हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी ३,४००. बीटी कपाशीचे पाकीट २०२२-२३ च्या भावाने आठशे-साडेआठशेला घेऊन एकरी दोन लावली, तर निम्मे पैसे बियाण्यातच गेले. खत, फवारणी, निंदणी, वेचणी उरल्यातून करा. तगाई म्हणून हा आकडा तोकडा आहे, पण समजण्यासारखा आहे. लोकांना मात्र ती 'नुकसानभरपाई' म्हणून सांगितली जाते आणि पात्रता ठरते सुटीच्या पद्धतीने, तलाठी, मंडळ, सातबारा, नुकसानीचा टक्का. चार आण्यांच्या आत आहे की बाहेर, हा जुना प्रश्न आता ३३ टक्क्यांच्या आत की बाहेर असा विचारला जातो. मोजायचे नुकसान आणि द्यायचे बियाणे, म्हणून दोन्ही बाजूंना फसवणूक वाटते. शेतकऱ्याला रक्कम चेष्टेसारखी दिसते, आणि वित्त खात्याला शेतकरी कृतघ्न.

२०१७ च्या गुलाबी बोंडअळीने हा गोंधळ उघड केला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले. त्यातले ६,८०० आपत्ती निधीचे, ८,००० विम्याचे आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे, असा तो हिशेब होता. म्हणजे तगाई, विमा आणि दोषी पक्षाकडून भरपाई या तीन वेगळ्या व्यवहारांची एकच बेरीज करून तिला मदत म्हटले गेले. कापसाच्या खानदेशाने ती बेरीज ऐकली. सरकारच्या स्वतःच्या हातात होते ते ६,८००.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की शेतकरी आता सारा जवळजवळ भरत नाही, तेव्हा बुडालेल्या पिकात सरकारचा वाटा कसला? वाटा सारा म्हणून घेतला जात नाही हे खरे, पण सरकारचा हात पिकावरून उठलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले आणि नंतर ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढली. गिरण्यांसाठी तो निर्णय योग्य असेलही, पण वेचणीच्या तोंडावर भाव कोणाच्या घरातून गेला हे धुळ्याच्या बाजारात सांगावे लागत नाही. बऱ्या वर्षाच्या भावावर ज्याचा अधिकार, त्याने वाईट वर्षात परका म्हणून उभे राहू नये. दुसरा आक्षेप विम्याचा: मदतीची प्रथाच जुनी झाली, पीकविमा हवा. तत्त्वतः मान्य. पण २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीकविम्याचा मुख्य गज महसूल मंडळ आणि पीककापणी प्रयोग हाच आहे. मंडळाची सरासरी बरी निघाली की नाल्याकाठच्या शेताचे दुःख हिशेबात मावत नाही. पैसेवारीचाच तो पुढचा अवतार, फक्त हप्ता भरून घेणारा. एक रुपयातला विमा राज्याने २०२३ मध्ये आणला आणि दोन वर्षांत गुंडाळला. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सातबाऱ्याखेरीज सरकारकडे दुसरी यादीच नाही, मग वाटायचे कोणाला? शिवाय अतिवृष्टीत पंचनामा गटवार होतो, गावाच्या सरासरीवर नव्हे, आणि २०१५ मध्ये नुकसानीची अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आणली, ही सुधारणा नव्हे काय? आहे, आणि आणेवारीच्या काळापेक्षा मोठी आहे. पण यादी नाही, ही अडचण निसर्गाने आणलेली नाही. १९५७ च्या कृषकदिनाने कुळे मालक झाली, त्यानंतर कायद्याच्या लेखी कूळ जवळजवळ उरले नाही. शेती मात्र बटाईने, निम्म्या वाट्याने, मक्त्याने होतच राहिली, फक्त बोलीवर. लिहून दिले तर जमीन जाईल ही मालकाची धास्ती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. मोबाईलवर शेतात उभे राहून पिकाचा फोटो टाकायचा, पण नोंद खातेदाराच्या खात्यावर.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा निकषांतल्या दरांवर हेक्टरी १०,००० रुपये जादा धरले. रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी. तगाईचे काम तगाईच्या नावाशिवाय, पण निदान तिच्या हेतूने पुन्हा कागदावर आले. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आटोपते. त्यामुळे त्या दहा हजारांचे मोल ठरते ते ई-केवायसी होऊन पैसे कोणत्या तारखेला खात्यात पडले त्यावर. आणि ज्या शेतात हरभरा बटाईदाराने टाकला, तिथे ती रक्कम मालकाच्या खात्यात जाते. तिच्यातून निम्मे मागायला बटाईदाराकडे आज १९४८ च्या तेराव्या कलमासारखे काही नाही. आहे ते पारावरचे बोलणे, आणि मालक धुळ्याला किंवा सुरतेला राहायला गेला असेल तर तेही नाही.